कॉन्सर्ट अर्धी ऐकू नकोस

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या निवडक जॅमची, म्हणजे गाण्यात आयत्या वेळी सुचत जाणाऱ्या लांब वादनाची, तू केलेली प्लेलिस्ट ऐकली. निवड चांगली आहे, तुझा कान तयार होतोय हे कळतं. तरीही ती सध्या बाजूला ठेव आणि एखादी कॉन्सर्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐक. गिटार सुरात लावणं, मधली बडबड, विसरलेले शब्द, सगळ्यासकट.

१९६५ ते १९९५ या काळात या मंडळींनी २,३०० च्या आसपास कार्यक्रम केले. गाण्यांचा क्रम आधी ठरलेला नसायचा. कुठलं गाणं किती लांबेल आणि कशात जाऊन मिळेल, हे बहुतेक वेळा वाजवतानाच ठरायचं. नुसता जॅम कापून ऐकलास तर तो वाजवणाऱ्यांना सुचला कशातून, हे कळायला मार्गच उरत नाही.

सुरुवात २७ ऑगस्ट १९७२ पासून कर. ओरेगॉन राज्यातलं व्हेनिटा. स्प्रिंगफील्ड क्रीमरी नावाची डेअरी अडचणीत होती, तिच्या मदतीसाठी उघड्या मैदानावर हा कार्यक्रम झाला. ऊन एवढं की गिटार सुरात राहीनात. ते रेकॉर्डिंगमध्येही जाणवतं, आणि मला ते हवंच असतं. तिसऱ्या सेटमध्ये 'डार्क स्टार' सुरू होतं आणि ३१ मिनिटं चालतं. गाण्याचे शब्द अगदी थोडे, बाकी सगळा शोध. गिटारवर जेरी गार्सिया एक सूर धरतो, फिल लेश बासवर त्याच्या मागे न जाता स्वतःचीच वाट काढतो. त्या वर्षी ड्रमवर बिल क्रॉइट्झमन एकटाच होता, त्यामुळे ताल हलका राहतो, कुठेही वळू शकतो. मधे मधे तर तालही विरून जातो, नुसते आवाज उरतात. आणि मग त्या सगळ्या गदारोळातून 'एल पासो' निघतं! साधं, तीनाच्या ठेक्यातलं काउबॉयचं गाणं. प्लेलिस्टमध्ये हे गाणं तू कधीच घेतलं नसतंस. पण अर्ध्या तासाच्या त्या भटकंतीनंतर बँडचा दुसरा गायक-गिटारवादक बॉब वियर याचा आवाज आला की केवढं हायसं वाटतं, ते ऐकूनच बघ.

८ मे १९७७ ची कॉर्नेल विद्यापीठातली कॉन्सर्ट सगळेच सांगतील. बेटी कँटर-जॅक्सन यांचं ते ध्वनिमुद्रण इतकं नितळ आहे की प्रत्येक वाद्य वेगळं काढून दाखवता येतं. ते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीतही आहे. 'स्कार्लेट बिगोनियाज'मधून 'फायर ऑन द माउंटन'मध्ये ते ज्या सहजतेने शिरतात, तो सांधा मी अजूनही परत परत ऐकतो. पण ती दुसऱ्या क्रमांकावर ऐक. तिथे फारसं काही फसत नाही, आणि फसण्याची भीती कळल्याशिवाय जमण्याची किंमत कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

साउंडबोर्डच्या फार नादी लागू नकोस. मिक्सरमधून थेट घेतलेला आवाज स्वच्छ असतो, पण त्यात हॉल नसतो. प्रेक्षकांत माइक उभे करून केलेलं चांगलं रेकॉर्डिंग ऐकलंस, तर गार्सियाने एखादी जागा घेतल्यावर उठलेली आरोळी ऐकू येते आणि त्या आरोळीने पुढचं वादन चढतानाही ऐकू येतं. १९८४ पासून तर या बँडने टेप करणाऱ्यांसाठी प्रेक्षकांत वेगळी जागाच दिली होती. अट एकच, टेप विकायची नाही. वाटायची. तुझ्या-माझ्यापर्यंत हे संगीत पोचलं त्यात या माणसांचा वाटा फार मोठा आहे. उलट 'युरोप '७२' हा तीन तबकड्यांचा गाजलेला अल्बम लाइव्ह म्हणून ओळखला जातो, पण त्यातलं बरंचसं गायन नंतर स्टुडिओत पुन्हा केलेलं आहे. सुंदर आहे, जरूर ऐक, फक्त हे माहीत असू दे.

तुझा हात तबल्यावर बसलेला आहे म्हणून एक खास. त्यांच्या १९६९ च्या 'लाइव्ह/डेड' या अल्बममध्ये 'द इलेव्हन' आहे, अकरा मात्रांच्या आवर्तनाचं. मिकी हार्ट हा त्यांचा दुसरा ड्रमवादक उस्ताद अल्लारखाँकडे शिकला होता. पुढे १९७६ मध्ये त्याने झाकिर हुसेन यांच्याबरोबर 'डिगा' हा अल्बमही केला. 'द इलेव्हन' हाताने टाळी देत ऐक. दोन ड्रमवादक आणि लेश तिघेही सम वेगवेगळ्या वजनाने दाखवतात. दोन-चारदा तुझी टाळी चुकेल, तेव्हा मागे जाऊन सुरुवातीपासून धर.

व्हेनिटा ऐकून झालं की 'एल पासो'नंतरच्या 'सिंग मी बॅक होम'बद्दल मला लिही. त्यात गार्सियाचा गळा थकलेला वाटतो की भरून आलेला, यावर माझं आणि माझ्या एका मित्राचं अजून जमलेलं नाही.

तुझा,
काका