जनरेटर बंद पडला त्याचे पैसे मिळतील, स्ट्रॉम्बोली हुकलं त्याचे नाही

ताई, तुमचं सगळं वाचलं, भावाने पाठवलेला करार, एजंटची बिलं आणि ते एक पानी खर्चाचं पत्रकही नीट बघितलं. बाकीच्यांना कळावं म्हणून प्रकरण थोडक्यात मांडतो. आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून तुम्ही घरचे आठ जण ऑगस्ट 2025 मध्ये इटलीला गेलात, सात दिवसांसाठी कॅप्टन आणि क्रूसकट यॉट भाड्याने घेतली, नेपल्सहून निघून प्रोचिदा, कॅप्री, आमाल्फीचा किनारा, मग खाली लिपारी, पानारेआ, ज्वालामुखीचं बेट स्ट्रॉम्बोली आणि शेवट सिसिलीत मिलात्झोला. मुंबईच्या एजंटने 62 लाख घेतले, वर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून गोळा करून सरकारजमा करायचा आयकर, वेगळा. लिपारीला जनरेटर गेला, 31 तास एसी नाही, फ्रीज नाही, नळाला पाणी नाही, ऐन ऑगस्टात वडिलांना रात्रभर डेकवर बसवून ठेवावं लागलं. स्ट्रॉम्बोलीला कॅप्टनने वाऱ्याचं कारण सांगून नेलंच नाही. आणि घरी आल्यावर मेल आला की अजून 3,400 युरो द्या. एजंट म्हणतो आम्ही फक्त मध्यस्थ, मालकाशी बोला, करारात लंडनचा लवाद, म्हणजे कोर्टाऐवजी पंचापुढे निवाडा, लिहिलाय. भाऊ म्हणतो पोलिसांत फसवणुकीची तक्रार टाकू आणि सगळेच्या सगळे 62 लाख वसूल करू.

भावाला आधी थांबवा. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी पैसे घेताना पहिल्यापासूनच बुडवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं, इथे यॉट होती, क्रू होता, सात दिवस तुम्ही फिरलात, पोलीस दिवाणी वाद आहे म्हणून परत पाठवतील आणि त्यात तुमचे महिने जातील. आणि सगळे पैसे परत ही मागणीही टिकणार नाही. तुमच्या तीन तक्रारी आहेत आणि तिन्ही एकात एक कालवून मांडल्यात, त्यामुळे जी पक्की आहे तीही कच्ची दिसते.

स्ट्रॉम्बोलीचं सोडून द्या. आईंची फार इच्छा होती रात्री ज्वालामुखी बघायची, हे वाचून मलाही वाईट वाटलं, पण हवामान आणि सुरक्षेबाबत कॅप्टनचा शब्द शेवटचा असं तुमच्या करारात स्पष्ट आहे आणि ते तसंच असायला हवं. 19 ऑगस्ट 2024 ला याच सिसिलीच्या उत्तर किनाऱ्यावर पोर्तिचेल्लोसमोर बायेशियन नावाची 56 मीटरची यॉट पहाटेच्या वादळात बुडाली, सात माणसं गेली. त्यानंतर त्या पाण्यात एखादा कॅप्टन वारा बघून नको म्हणत असेल तर कुठलाही ग्राहक आयोग त्याला चूक म्हणणार नाही. शिवाय स्ट्रॉम्बोली 2019 च्या जुलै-ऑगस्टमध्ये दोनदा मोठा उसळला, पहिल्या वेळी एक माणूस गेला, तेव्हा तिथे बंधनं असतातच. हा मुद्दा तक्रारीत घातलात तर समोरचा वकील फक्त यावरच बोलत राहील.

आता जनरेटर, इथे तुमची बाजू खरंच भक्कम आहे. तुमचा करार एमवायबीए या यॉट ब्रोकरांच्या संघटनेच्या छापील फॉर्मवर आहे, भूमध्य समुद्रात यॉट भाड्याने देणारे बहुतेक ब्रोकर तोच वापरतात. त्यात बिघाडाचं कलम आहे, यंत्र बिघडून यॉटचा रीतसर वापर ठरावीक तासांपेक्षा जास्त वेळ करता आला नाही तर तेवढ्या काळाचं भाडं परत. भांडण "रीतसर वापर" वर होईल. ते म्हणतील इंजिन चालू होतं, बोट तरंगत होती. तुम्ही म्हणायचं की ही हॉटेलसारखी राहायची जागा म्हणून दिली होती, सत्तरीपुढची दोन माणसं होती, पिण्याचं पाणी बाटल्या आणून भागवलं, एका जागी अडकून पडलो. भाडं 40,000 युरो, सात दिवसांचे 168 तास, म्हणजे तासाला साधारण 238 युरो, 31 तासांचे 7,400 च्या आसपास, त्यावर तुम्ही भरलेला इटलीचा 22 टक्के व्हॅट धरला की 9,000 युरो. मागायचं ते हे, आणि हिशोबासकट मागायचं.

पण याच करारात एक अट आहे जिथे बहुतेकांचं घोडं अडतं. तक्रार आधी कॅप्टनला सांगायची, त्याने वेळ आणि तारीख लिहून ठेवायची, आणि तिथे मिटलं नाही तर 24 तासांच्या आत ब्रोकरला लेखी कळवायचं. आपली माणसं तिथे सहल खराब नको म्हणून गप्प बसतात आणि घरी येऊन पत्र लिहितात. तुम्ही म्हणता आम्ही तोंडीच सांगितलं, पण भावाने त्या रात्री 11 वाजून 20 मिनिटांनी एजंटला व्हॉट्सअ‍ॅप केला होता, "एसी आणि पाणी बंद, बाबांना त्रास होतोय, काहीतरी करा", आणि खाली एजंटचं उत्तर आहे की कॅप्टनशी बोलतो. ताई, हा मेसेज म्हणजे तुमची लेखी तक्रार आहे. तो फोन विकू नका, रिसेट करू नका, चॅट डिलीट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा संगणकी ठसा, लिहावी लागते, तुमचा वकील ते करून घेईल, नुसते स्क्रीनशॉट काढून समाधान मानू नका.

तिसरं, 3,400 युरोची मागणी. एपीए म्हणून 12,000 युरो आगाऊ घेतले होते, ते डिझेल, धक्क्याचं भाडं, खाणंपिणं यासाठी कॅप्टनकडे ठेवलेले तुमचेच पैसे असतात, उरले तर परत, कमी पडले तर तुम्ही द्यायचे, आणि पावत्यांसकट हिशोब द्यायला तो बांधील असतो. तुमच्या पत्रकात डिझेल 5,600, धक्के 2,900, खाणंपिणं 2,900 आणि क्रूची टिप 4,000, एकूण 15,400. टिप कुणी ठरवली? या धंद्यात टिप द्यायची पद्धत आहे पण ती पाहुण्याच्या मर्जीवर असते, परस्पर कापता येत नाही. तुम्हाला क्रूला काही द्यायचं असेल तर जरूर द्या, त्या पोरांनी बादल्यांनी पाणी आणून दिलं असं तुम्हीच लिहिलंय, पण आकडा तुमचा हवा. दुसरं, धक्क्याच्या 2,900 मधले 1,300 लिपारीच्या मरीनाचे आहेत आणि तारखा बघा, जनरेटर दुरुस्तीसाठी मेकॅनिक यायचा म्हणून यॉट तिथे बांधली होती त्याच दोन रात्रींचे. त्या दिवसांत तुम्ही जेवलात तो खर्च तुमचा, मालकाची दुरुस्ती तुमची नाही. हे दोन्ही वजा केलं तर खर्च 10,100, म्हणजे तुम्ही 3,400 देणं लागत नाही, उलट 1,900 युरो तुम्हालाच यायचेत. डिझेलच्या पावत्या आणि इंजिनचे तास मागवा, तिथेही काही निघू शकतं. मेलला उत्तर न देता बसू नका, दोन ओळी लिहा की पावत्या द्या, तोवर रक्कम अमान्य.

आता एजंट, जो हात वर करून बसलाय. त्याने तुमच्याकडून टीसीएस घेतला, 62 लाखांवर, पहिल्या 10 लाखांवर 5 टक्के आणि वरच्या 52 लाखांवर 20 टक्के, एकूण 10 लाख 90 हजार. हा टीसीएस त्याने परदेशी टूर पॅकेज विकणारा म्हणून कापलाय, त्याच्या बिलावर "ओव्हरसीज टूर पॅकेज" असंच छापलंय, विमानाची तिकिटं आणि नेपल्सचं हॉटेलही त्यातच आहे. आयकर खात्यापुढे मी पॅकेज विकलं आणि गिऱ्हाइकापुढे मी नुसती ओळख करून दिली, या दोन्ही गोष्टी एकत्र चालणार नाहीत. ते बिल तुमच्या तक्रारीला पहिलं जोडायचं. टीसीएसचे पैसे मात्र एजंटकडून मागायचे नाहीत, ते भावाच्या पॅनवर जमा असतात, 26एएस या आयकर खात्याच्या कर जमा दाखवणाऱ्या पत्रकात दिसताहेत का बघा आणि रिटर्नमध्ये क्रेडिट घेतलंय का हे सीएला विचारा, ही रक्कम तुमच्या सगळ्या भांडणाएवढी आहे.

लंडनच्या लवादाची भीती बाळगू नका, पण कायदा समजून घ्या. करारात लवादाचं कलम आहे म्हणून ग्राहक तक्रार अडत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग मध्ये डिसेंबर 2018 ला सांगितलं, पण तो वाद भारतातल्या लवादाचा होता, परदेशी लवादाचं कलम वेगळं चालतं आणि तिथे समोरच्याला बोलायला जागा मिळते. म्हणून माझं मत असं की यॉटच्या मालक कंपनीला पक्षकार करूच नका, तुमचा एजंटशी व्यवहार त्याच्या बिलावर झालाय, त्या बिलात लवाद नाही. इटलीतल्या मालकाविरुद्ध इथला आदेश घेऊन तिथे वसुलीला जाणं या रकमेसाठी परवडणारही नाही.

तक्रार जिल्हा आयोगात नाही, राज्य आयोगात जाईल. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये अधिकार हा मागितलेल्या रकमेवर नाही, मोजलेल्या मोबदल्यावर ठरतो, 50 लाखांपर्यंत जिल्हा, त्यापुढे 2 कोटींपर्यंत राज्य, त्यामुळे मागणी वरचे 9,000 आणि 1,900 युरो मिळून 11 लाखांच्या आसपास असली तरी जागा राज्य आयोगाचीच. तुम्ही राहता तिथून तक्रार करता येते, ऑनलाइन दाखल होते आणि फी किरकोळ आहे. मुदत दोन वर्षं, शेवटच्या मेलपासून मोजू असं म्हणत बसू नका, बिघाडाच्या दिवसापासून धरा, म्हणजे ऑगस्ट 2027 च्या आधी.

एक कच्चा दुवा आहे तो आत्ताच सांगतो. 62 पैकी 20 लाख भावाच्या फर्मच्या खात्यातून गेलेत. एजंट म्हणेल हा धंद्याचा खर्च, तुम्ही ग्राहकच नाही. उत्तर असं की हेतू काय होता ते बघतात, लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं, आणि आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसात नफा कुठला. पण फर्मच्या वह्यांत ती रक्कम भावाच्या नावे उचल म्हणूनच दिसायला हवी. प्रवास खर्च म्हणून दाखवली असेल तर वही गुपचूप बदलू नका, आधी मला कळवा, मग तक्रार कुणाच्या नावाने करायची ते ठरवू, आईवडिलांनाही तक्रारदार करता येईल कारण सेवा त्यांच्यासाठीच घेतली होती. तोवर एजंटला रजिस्टर्ड एडीने नोटीस जाऊ द्या, 15 दिवसांची, वरच्या हिशोबासकट, त्यात स्ट्रॉम्बोलीचं नाव नको.