मैत्रिणींचे नंबर दिले, त्याचं काय?

आईचा प्रश्न असा होता : "मुलगी वर्गात पहिल्या तिघांत. असली हुशार पोर एका ईमेलला कशी फसली? पैसे गेले ते गेले, पण तिचं आधार त्यांच्याकडे आहे. आणि ती आता जेवायलासुद्धा खोलीबाहेर येत नाही."

घर डिचोली तालुक्यातलं, मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. निकालानंतर चारच दिवसांनी मेल आला : एका 'आंतरराष्ट्रीय ऑनर सोसायटी'वर, म्हणजे गुणवंत विद्यार्थ्यांच्या मानाच्या संस्थेवर, आपली निवड झाली आहे, आजीव सदस्यत्व, पदक, प्रमाणपत्र, परदेशी प्रवेशासाठी शिफारस, ७२ तासांत स्वीकारा. नोंदणीचे ४,५०० रुपये भरले. मग पदक 'कस्टम्समध्ये अडकलं' म्हणून २,८००. मग आधार आणि पासपोर्टची प्रत. शेवटी दुबईतल्या सोहळ्यासाठी १८,००० मागितले तेव्हा ती थांबली, कारण एवढे पैसे वडिलांकडे मागावे लागले असते. तोवर वडिलांनी पीडीएफची छापील प्रत काढून म्हापशात फ्रेमला टाकली होती. चवथीला पाहुणे येतील तेव्हा भिंतीवर हवी ना! त्या फ्रेमपायी तिने १९ दिवस तोंड उघडलं नाही.

हुशार पोर कशी फसली, याचं उत्तर त्या प्रश्नातच आहे. जेमतेम पास झालेल्याला हाच मेल आला असता तर त्याने हसून सोडून दिला असता. हिला तो खरा वाटला, कारण कौतुक व्हावं असं तिने खरोखर काही केलं होतं. नाव-पत्ता मिळवणंही अवघड नसतं. कॉलेजच्या संकेतस्थळावरच्या गुणवत्ता याद्या, लिंक्डइन, विभागाच्या अभिनंदनाच्या पोस्ट सगळ्यांना दिसतात. मेलमध्ये 'आपल्या उत्कृष्ट गुणांमुळे' असं होतं, पण गुण किती ते कुठेच नव्हतं.

ऑनर सोसायटी हा प्रकार मुळात अमेरिकेतला. फाय बीटा कप्पा १७७६ सालची, टाऊ बीटा पाय १८८५ची, फाय कप्पा फाय १८९७ची. अशा संस्थांची त्या-त्या कॉलेजात शाखा असते आणि तिथले प्राध्यापक विद्यार्थ्याचे गुण बघून त्याला बोलावतात. फाय कप्पा फायमध्ये तिसऱ्या वर्षाच्या वरच्या साडेसात टक्क्यांना आणि शेवटच्या वर्षाच्या वरच्या दहा टक्क्यांना विचारलं जातं. म्हणजे आपल्याला कुणी पाहिलं, कोणत्या यादीवरून पाहिलं, हे तिथे सांगता येतं. या खऱ्या संस्थाही प्रवेशाचं शुल्क घेतात, तेव्हा 'पैसे मागितले म्हणजे खोटी' असं समीकरण मांडू नये. त्याने खऱ्या संधीवरही फुली पडते. विचारायचं ते एवढंच : माझं नाव कुणी सुचवलं? आपल्या विभागप्रमुखांना माहीत नसेल, तर कुणीच सुचवलेलं नाही. फार तर संकेतस्थळाची नोंदणी कधीची आहे ते बघावं. पन्नास वर्षांची परंपरा सांगणाऱ्या संस्थेचं संकेतस्थळ चार महिन्यांपूर्वीचं निघालं, तर पुढे वाचायची गरज नाही.

या मुलीच्या फोनवर एक स्क्रीनशॉट सापडला. क्यूआर स्कॅन केल्यावर, पिन टाकण्याआधी, खातेदाराचं नाव दिसतं. मेलमध्ये संस्थेचं लांबलचक भारदस्त नाव, आणि इथे कुणा एका माणसाचं नाव-आडनाव. तिने ते वाचलं होतं. "खजिनदार असतील असं वाटलं," ती म्हणाली. फसवणूक मेलमध्ये होती, पण पैसे गेले ते या 'असतील'मुळे.

आता करायचं काय. सगळ्यात आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन. सोबत लागतं ते हे : रक्कम, तारीख-वेळ, व्यवहाराचा १२ आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक, आपलं खातं आणि समोरच्याचा यूपीआय आयडी. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार पूर्ण करून पोचक्रमांक घ्यायचा आणि आपल्या बँकेला लेखी कळवायचं. गोव्यात सायबर पोलीस ठाणं रायबंदरला आहे. तिथे जाताना मेल छापून नेला तरी मूळ मेल पुसू नका, कारण तो कुठून आला ती माहिती मूळ मेलमध्येच असते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जातात. ते काढले जाण्याआधी खबर पोचली तर खातं गोठवता येतं. १९ दिवसांनी ती आशा फार थोडी, हे घरच्यांना स्पष्ट सांगितलं. तरीही तक्रार करायचीच, कारण उद्या तिच्या कागदांवर कुणी काही उद्योग केला तर ती तारीख तिच्या बाजूने बोलते.

आधारची भीती मोठी असते आणि थोडी गैरसमजाची. नुसत्या प्रतीने खात्यातून पैसे निघत नाहीत. धोका असतो तो तिच्या नावाने सिमकार्ड किंवा कर्ज घेतलं जाण्याचा. म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक करायचं, आधार कुठे वापरलं गेलं त्याचा इतिहास पाहायचा, दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते तपासायचं, आणि क्रेडिट अहवाल, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, मागवायचा. चारही क्रेडिट कंपन्यांकडून तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. कार्डाने पैसे भरले असतील तर ॲपमधून परदेशी व्यवहार बंद करा आणि ऑटोपे रद्द करा. 'आजीव' सदस्यत्वाचं नूतनीकरण दरवर्षी कापलं जातं, हा विनोद अनेकांनी पाहिलाय. यानंतर 'तुमचे पैसे मिळवून देतो' म्हणणारा फोन येईल. तोही त्यांचाच भाऊबंद.

संस्थेने पदक-प्रमाणपत्र खरंच पाठवलं आणि मेलात तेवढंच कबूल केलं होतं, तर तो गुन्हा ठरेलच असं नाही. निरुपयोगी वस्तू महाग विकणं आणि फसवणूक यांत पोलिसांना फरक करावा लागतो.

इतकं सगळं झालं तरी मुलगी गप्पच. दुसऱ्या भेटीत कारण निघालं. फॉर्ममध्ये 'तीन गुणी सहाध्यायी सुचवा, शुल्कात सवलत' असा रकाना होता. तिने तीन मैत्रिणींचे नंबर आणि ईमेल दिले होते. ७,३०० रुपयांपेक्षा हेच तिला खात होतं. असे रकाने मुद्दाम असतात. मैत्रिणीच्या नावाने आलेला मेल कुणी पारखत नाही, आणि सुचवणारी लाजेने बोलत नाही.

तिला माफीचं लांब पत्र लिहायचं होतं. ते नको. माफी वाचता वाचता खबर मागे पडते. तिने शेवटी पाठवलं ते असं : "त्या सोसायटीचा मेल आला असेल तर पैसे भरू नका, आधार देऊ नका. तुमचे नंबर मी दिले, माझी चूक. मी ७,३०० भरले. भरले असतील तर आत्ता १९३० ला फोन करा, कसा करायचा ते मी सांगते." आकडा लिहायला ती तयार नव्हती. पण आकड्यामुळेच समोरची आपला आकडा सांगते.

आईसाठीही एक काम होतं : "एवढी शिकलेली असून" हे वाक्य घरात बंद. त्या जागी "बाय, अजून काही दिलंयस का त्यांना?" एवढंच, तेही हातातलं काम न थांबवता. पहिल्या दिवशी उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी पासपोर्टचं कळलं. तोवर घरात फक्त आधारचंच माहीत होतं. पोर्टलवरच्या तक्रारीत त्याची भर घातली.

तिघींपैकी एकीने आदल्या रात्री ४,५०० भरले होते. तिने सकाळीच फोन केला, आणि तिची रक्कम समोरच्या खात्यात अडवून ठेवल्याचं कळलं. हातात यायला वेळ लागेल. दुसरीने मेल उघडलाच नव्हता. तिसरीने अजून उत्तर दिलेलं नाही. फ्रेमवाल्याचे पैसे वडिलांनी देऊन टाकले. फ्रेम अजून त्याच्याच दुकानात आहे.