रात्री ठरलेलं सकाळी टिकतं का?

गेल्या महिन्यात या सदरात मी एक साधा प्रश्न टाकला होता. तुमच्या गल्लीचे निर्णय रात्री नऊनंतर कुठे होतात? देवळाच्या पायरीवर, चहाच्या गाडीपाशी, की मोबाईलच्या ग्रुपवर? बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून पत्रं आली. काहींत शिव्याही होत्या. त्या आपापल्या मंडळाला होत्या, मला नव्हत्या, म्हणून निवांत वाचल्या. त्यांतली सहा पत्रं आज घेतो.

आमच्या मंडळाची बैठक रात्री दहाला सुरू होते ती बारापर्यंत चालते. वर्गणीपासून ड्रेनेजपर्यंत सगळं निघतं. वडील म्हणतात, "रात्रीची बडबड, सकाळी कोण विचारतंय?" याला खरंच काही किंमत आहे का?
– एक कार्यकर्ता, शहापूर

वडिलांचं अर्धं बरोबर आहे. चुकलेलं अर्धं आधी सांगतो.

महापालिकेचं दार दिवसा उघडतं. त्या वेळी उद्यमबागेतल्या फाउंड्रीत पाळीवर असलेला, खासबागेत मागावर बसलेला किंवा गणपत गल्लीत गल्ला सांभाळणारा माणूस तिथं जाणार कसा? एक दिवसाची हजेरी बुडवून? म्हणजे दिवसाची लोकशाही उरते ती निवृत्त मंडळींना आणि ठेकेदारांना. (मी पहिल्या गटात येतो, हे कबूल करतो.) कष्टकरी माणसाला गावाबद्दल बोलायला मोकळा वेळ मिळतो तो जेवणं झाल्यावरच. त्यामुळे रात्रीच्या बैठकीला बडबड म्हणणं मला पटत नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. १९८१ च्या मार्चमध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडलं. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं तीन आठवड्यांहून अधिक काळ रस्त्यावरच राहिली, तिथंच जेवली, तिथंच झोपली. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि बारा शेतकरी गेले. त्या आंदोलनाबद्दल भाषणं आणि गोळीबार एवढंच सांगितलं जातं. पण रस्त्यावर काढलेल्या इतक्या रात्रींत माणसं एकमेकांशी बोलल्याशिवाय राहिली असतील का? एका हंगामाच्या भावासाठी आलेला शेतकरी उठून घरी गेला नाही, यात त्या बोलण्याचा वाटा नक्की असणार.

आता वडिलांचं बरोबर असलेलं अर्धं. पॅरिसमध्ये ३१ मार्च २०१६ च्या रात्री कामगार कायद्यातल्या बदलांविरुद्ध लोक एका चौकात जमले आणि उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवसाला १ एप्रिल न म्हणता त्यांनी ३२ मार्च म्हटलं, मग ३३, मग ३४. रोज संध्याकाळी सभा भरायची. बोलणाऱ्याला कोणी टाळ्या वाजवून अडवायचं नाही. पटलं तर दोन्ही हात वर करून हलवायचे, साफ विरोध असेल तर हातांची फुली करायची. कल्पना सुंदर होती. पण काही महिन्यांत चौक रिकामा झाला आणि कायदा झालाच. बोलायची रीत त्यांनी फार चांगली बसवली होती. बोललेलं पुढे कोणी कुठे न्यायचं, हे मात्र बसलं नव्हतं.

हे मी गल्लीत पाहिलंय. आमच्याकडे एकदा कूपनलिकेची मोटर कुठे बसवायची यावर मध्यरात्रीपर्यंत चर्चा झाली, एकमत झालं, चहा झाला. सकाळी त्या एकमताच्या तीन आवृत्त्या फिरत होत्या. "बोललो होतो की काल!" एवढाच प्रत्येकाचा पुरावा. मोटर दीड वर्ष पोत्यात राहिली.

म्हणून एक दोनशे पानी वही घ्या. तारीख, हजर किती, ठरलं काय, कोणत्या ऑफिसात कोण जाणार आणि कधी. एवढंच लिहायचं, भाषणं लिहायची नाहीत. दुसऱ्या दिवशी पानाचा फोटो ग्रुपवर टाका आणि हरकतींना चोवीस तास द्या. त्यानंतरच तो ठराव म्हणा. रात्री माणूस मोकळा बोलतो, पण गर्दीला बळीही लवकर पडतो. बैठकीत न बोललेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रुपवर दोन ओळी लिहितो, असा माझा अनुभव आहे.

आणि ती वही जायची कुठे? राज्यघटनेच्या २४३-एस कलमाप्रमाणे तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरात वॉर्ड समित्या असायला हव्यात. २०११ च्या जनगणनेत बेळगाव पावणेपाच लाखांच्या पुढे होतं. कर्नाटकाच्या महापालिका कायद्यातही वॉर्ड समितीची तरतूद आहे आणि तिच्यात महिलांना आणि रहिवासी संघटनांना जागा ठेवल्या आहेत. तुमच्या वॉर्डाची समिती झाली का, शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त कुठे आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे ड्रेनेज आणि दिवाबत्ती एकाच कागदावर कोंबू नका.

बैठक रात्री साडेनऊला. मी एकदा गेले तर सगळे गप्प, आणि "वहिनी, काय काम होतं?" ग्रुपवर आम्ही चाळीसएक बायका आहोत, पण लिहीत कोणीच नाही.
– एक शिक्षिका, वडगाव

ताई, साडेनऊ ही वेळ ठरवणाऱ्यांना विचारा, ती सोयीची कशी झाली? त्यांची भाकरी दुसऱ्या कोणी थापली, भांडी दुसऱ्या कोणी घासली, म्हणून ते साडेनऊला मोकळे. आणि बाईला रात्रीची सवय नाही म्हणणाऱ्यांनी नळाकडे बघावं. २००८ मध्ये शहराच्या काही भागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला, पण ज्या गल्लीत नळ अवेळी येतो तिथं रात्री दोनला घागरी लावायला कोण उठतं? गल्लीची रात्र बायकांना पुरुषांहून जास्त ठाऊक आहे. कोणता दिवा बंद असतो, कुत्री कुठल्या कोपऱ्यावर असतात, कुठल्या वळणावर पोरं बाटल्या घेऊन बसतात, ही सगळी माहिती त्यांच्याकडे असते. बैठकीत ती पोचत नाही.

१४ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्री कोलकात्यात आणि बंगालच्या गावागावांत हजारो बायका रस्त्यावर आल्या. आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता. "रात्र ताब्यात घ्या" ही हाक मोबाईलवरूनच पसरली. तिथं रात्री बाहेर असणं हीच मागणी होती. पण असा एक मोठा प्रसंग आणि दर गुरुवारची बैठक यांत फरक आहे. गुरुवारी तुम्हाला एकटीनं जायचं नाही. चौघी मिळून जा, आणि चौघींची ये-जा आधी ठरवा. "काय काम होतं?" असं विचारलं तर म्हणा, "बैठकीला आलोय."

तीनातली एक बैठक रविवारी दुपारी चारला घ्या, अशी मागणी लेखी द्या. सात वाजता नको, ती चुलीची वेळ. ग्रुपवर लिहायला संकोच वाटत असेल तर आधी बायकांचा वेगळा छोटा ग्रुप करा. तिथं बोलणं होऊ दे. मग एकीनं "आम्हा अठराजणींचं म्हणणं" म्हणून मोठ्या ग्रुपवर टाकायचं. एकीला गप्प बसवता येतं, अठराजणींना जड जातं. व्हॉइस मेसेज चालतील, मात्र दोन मिनिटांच्या आत. आमच्या ग्रुपवर एक काका अकरा मिनिटांचे टाकतात. ते कोणी ऐकत नाही, आणि हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

चौकातल्या सभेला रात्री दहानंतर माईक चालतो का? शिवजयंतीला चित्ररथ पहाटेपर्यंत चालतात, मग आम्हालाच का अडवतात?
– एक वाचक, अनगोळ

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. त्यापुढचं काय चालतं ते तुम्हीही बघता, मीही बघतो. तुमच्या सभेला माईक लागतोच कशाला? पन्नास माणसं गोल करून बसली की आवाज पोचतो, आणि माईक नसला की भाषणही आटोपतं घेतात.

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर पोल घेतला: खाण्याच्या गाड्या रात्री दहाला बंद कराव्यात का? मोठ्या बहुमतानं "हो" आलं. नगरसेवकांना देणार आहोत. ही लोकशाहीच ना?
– कॉलनी कमिटीचे एक सदस्य, टिळकवाडी

द्या, पण निकाल म्हणून देऊ नका, मत म्हणून द्या.

त्या ग्रुपवर गाडीवाला आहे का? रात्री साडेअकराला अंडाभुर्जी खाणारा मेडिकलचा विद्यार्थी आहे? उशिराच्या बसनं उतरून दोन घास खाऊन घरी जाणारी नर्स? गाड्या बंद झाल्या तर ज्यांचं नुकसान होईल ते मतदार यादीतच नाहीत. दुसरं म्हणजे व्हॉट्सॲपच्या साध्या पोलमध्ये कोणी काय मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. कॉलनीचे अध्यक्ष पहिल्याच मिनिटाला "हो" दाबतात, मग शेजाऱ्याचा अंगठा कुठे जातो ते ओळखा. आपण निवडणुकीत पडद्यामागे मत देतो ते उगाच नाही.

मी दहाला बंदच्या विरोधात आहे, हे आधीच सांगून टाकतो. दिवे लावून उभी असलेली गाडी रस्त्यावर चार डोळे ठेवते. पण आवाज, कचरा आणि दारू पिऊन गाडीपाशी रेंगाळणारी टोळकी या तुमच्या तक्रारी खोट्या नाहीत. त्यासाठी जागा कायद्यात आहे. २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे शहर फेरीवाला समिती (टाऊन व्हेंडिंग कमिटी) हवी, तिच्यात निदान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांत एक तृतीयांश बायका. गाड्यांची जागा आणि वेळ तिथं बोलता येते, आणि समोर गाडीवालाही बसलेला असतो.

अ‍ॅमस्टरडॅमनं यासाठी माणूसच नेमला. २००३ पासून तिथं "रात्रीचा महापौर" असतो. हातात सत्ता नाही, पण बारवाले, रात्री झोपू पाहणारे रहिवासी आणि पालिका यांना एका टेबलाशी आणणं हेच त्याचं काम.

ग्रुपवरच चाचपायचं असेल तर तैवानचा धडा घ्या. २०१५ मध्ये उबर टॅक्सीचा वाद तिथं पोलिस नावाच्या संगणकीय व्यवस्थेवर लोकांपुढे ठेवला. (नाव तसं आहे, आपल्या पोलिसांशी संबंध नाही.) लोक वाक्यं लिहितात, बाकीचे "पटतं", "पटत नाही" किंवा "पुढे" दाबतात. उत्तर द्यायची सोयच ठेवलेली नाही, त्यामुळे भांडण पेटत नाही. यंत्र शोधतं ते दोन्ही बाजूंना पटलेली वाक्यं. तुम्हीही "बंद करा" या एकाच प्रश्नाऐवजी आठ वाक्यं टाका: "गाडीपाशी कचऱ्याचा डबा हवा", "अकरानंतर गाणी नकोत", "चौकाऐवजी मैदानाकडे गाड्या चालतील". आणि गाडीवाल्यांचा कौल कागदावर घेऊन या. सहा वाक्यांवर तुमचं आणि त्यांचं जमेल, असा माझा अंदाज आहे.

मी गावच्या ग्रुपचा ॲडमिन आहे. नोव्हेंबर जवळ आला की धास्ती वाटते. कोणी भाषेवरून, सीमेवरून काही टाकलं तर ॲडमिन आत जातो म्हणतात. ग्रुप बंद करू का?
– एक ॲडमिन, खानापूर तालुका

बंद करू नका. सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिन केवळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये आणि केरळ उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलंय. ॲडमिनही त्या हेतूत सामील असल्याचं दिसलं तर गोष्ट वेगळी. हे निकाल कर्नाटकातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, पण वकील ते दाखवू शकतो. अंगावर येणाऱ्या पोस्टींसाठी वापरलं जाणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्येच रद्द केलं. तरी भारतीय न्याय संहितेचं १९६ वं कलम आहे: धर्म, भाषा, जन्मस्थान यांवरून गटागटांत वैर पेटवलं तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. सीमाप्रश्नावर मत मांडणं हा गुन्हा नाही. "अमक्या भाषेच्या दुकानांची काच फोडा" हा आहे.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात (एक तारखेला कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिन एकदमच येतात) आणि बेळगावात भरणाऱ्या विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत रात्री अकरा ते सकाळी सहा "फक्त ॲडमिन" ही सेटिंग लावा, आणि का लावली ते ग्रुपवर लिहा. जुना व्हिडिओ नवा म्हणून फिरतो तो बहुधा याच वेळेत. वाईट मजकूर दिसला की सगळ्यांसाठी काढा, काढण्याआधी स्क्रीनशॉट ठेवा. आणि एकटे ॲडमिन राहू नका. तिघे असू द्या, त्यांतली एक बाई.

गटारीची तक्रार मराठीत दिली तर "कन्नडमध्ये आणा" म्हणतात. आमच्या गल्लीत कन्नड घरंही आहेत, ती आमच्या ग्रुपवर नाहीत. काय करावं?
– एक गृहस्थ, जुने बेळगाव

राज्यघटनेचं ३५० वं कलम सांगतं की गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. अर्जाच्या डोक्यावर ते लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

पण तुमच्या पत्रातली दुसरी ओळ मला जास्त महत्त्वाची वाटली. ती कन्नड घरं ग्रुपवर का नाहीत? बोलावलं नाही, की ग्रुपच्या नावातच असं काही आहे की त्यांनी यावंसं वाटू नये? नाव बघा, डीपी बघा. सीमाप्रश्नाचा ग्रुप वेगळा असू द्या, त्याला कोणी हरकत घेऊ नये. गटारीचा ग्रुप गल्लीच्या नावानं काढा. आपल्याकडे निम्मी माणसं दोन्ही भाषा बोलतात, लिहायला मात्र बिचकतात. बोललेलं चालेल म्हणा. मग अर्ज एका पानावर मराठीत, मागच्या पानावर कन्नडमध्ये, खाली दोन्हीकडच्या सह्या. कन्नड पान त्या कन्नड घरांतलीच एखादी कॉलेजची मुलगी दहा मिनिटांत लिहील. खिडकीवर जाताना तिलाही बरोबर न्या.