नऊपैकी नऊ भाकितं खरी ठरली, आता पैसे पाठवायचे का?

प्रश्न : गुरुजी, सप्रेम नमस्कार. माझा धाकटा भाऊ दर्यापूर तालुक्यात कास्तकारी करतो. गेल्या सप्टेंबरात त्याच्या मोबाइलवर एका अनोळखी नंबरवरून मेसेज यायला लागले. ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉलचे हंगामाअखेरचे मोठे सामने असतात, त्यात कोण जिंकणार हे तो माणूस आधीच कळवायचा. पहिल्या आठवड्यात चार सामने झाले, चारही बरोबर. नंतरच्या आठवड्यात दोन, मग आणखी दोन आणि शेवटी फायनल. नऊच्या नऊ बरोबर निघाले, आणि तोवर त्यानं एक रुपयाही मागितला नाही. आता म्हणतो, पुढच्या स्पर्धेचे निकाल पाहिजे असतील तर पंचवीस हजार भरा. भाऊ सोयाबीनच्या पैशातून ते द्यायला निघाला आहे. मी अडवलं तर म्हणतो, "ताई, पुरावा माह्या मोबाइलात हाये. तू तो खोटा करून दाखव." ते मला जमत नाही. माझा मुलगा बारावीला आहे. तो म्हणतो, आठ संघ म्हणजे प्रत्येकाला आठात एक संधी. पण नऊ सामन्यांचं कोडं त्यालाही सुटेना. नुसत्या नशिबानं नऊच्या नऊ बरोबर येऊ शकतात का?
— एक वाचक भगिनी, जि. अमरावती

उत्तर : ताई, आधी भावाला फोन लावा आणि आठ दिवस थांबायला सांगा. "देऊ नको" म्हणाल तर तो हट्टाला पेटेल, "थांब" म्हणाल तर बहुतेक थांबेल. पैसे आधीच गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर आजच तक्रार नोंदवा, कारण जितका उशीर होईल तितकं ते अडवणं अवघड जातं. आलेला एकही मेसेज पुसू देऊ नका.

आता तुमचा प्रश्न. हो, येऊ शकतात. आणि तुमच्या भावाच्या बाबतीत काय घडलं असावं तेही मला पुरतं दिसतं आहे.

हा खेळ आपल्या ओळखीच्या फुटबॉलपेक्षा वेगळा. क्रिकेटच्या मैदानावर, लांबट चेंडूनं, एकेका बाजूला अठरा खेळाडू घेऊन खेळतात. २००० पासून २०२५ पर्यंत चाललेल्या पद्धतीत गुणतक्त्यातले वरचे आठ संघ शेवटच्या फेरीत यायचे. पहिल्या आठवड्यात पहिला खेळायचा चौथ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, पाचवा आठव्याशी आणि सहावा सातव्याशी. वरच्या चारांत हरलेल्या संघाला आणखी एक संधी मिळायची, खालच्या चारांत हरला तो घरी जायचा. पुढच्या दोन आठवड्यांत दोन-दोन सामने आणि शेवटी फायनल. एकूण नऊ.

प्रत्येक सामन्याचा निकाल दोनांपैकी एकच. २०१० साली कॉलिंगवूड आणि सेंट किल्डा यांची फायनल ६८-६८ अशी बरोबरीत सुटली, तेव्हा पुढच्या शनिवारी ती पुन्हा खेळवावी लागली होती. आता फायनललाही जादा वेळ देऊन निकाल लावतात. तेव्हा दोनाला दोनानं गुणत नऊ सामने मोजा : २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२. स्पर्धा संपेपर्यंत निकालांच्या फक्त ५१२ तऱ्हा होऊ शकतात, त्यापलीकडे एकही नाही.

ही ५१२ संख्या धरून त्या माणसाच्या जागी जरा बसून बघा. त्याच्याकडे ५१२ मोबाइल नंबर आहेत. पहिल्या आठवड्यातल्या चार सामन्यांचे निकाल १६ तऱ्हांनी लागू शकतात, म्हणून तो नंबरांचे १६ गट पाडतो, एकेका गटात ३२ जण, आणि प्रत्येक गटाला वेगळं उत्तर कळवतो. सामने होतात. कुठलाही निकाल लागला तरी एका गटाला मिळालेली चारही उत्तरं बरोबर ठरणारच. बाकीच्या ४८० जणांना तो पुन्हा मेसेज करत नाही. उरलेल्या ३२ जणांचे चार गट, आठ-आठ जणांचे. दोन सामने होतात, आठ जण उरतात. त्यांचे पुन्हा चार गट, दोन-दोन जणांचे, दोन उरतात. फायनलच्या आधी एकाला सांगायचं हा संघ जिंकणार, दुसऱ्याला सांगायचं तो जिंकणार. दोघांपैकी एक जण नऊच्या नऊ बरोबर घेऊन बसतो. तो तुमचा भाऊ.

एवढ्यासाठी त्याला ५५४ मेसेज पाठवावे लागले. चेंडू गोल की लांबट हेसुद्धा त्याला माहीत असण्याची गरज नाही. आणि नंबर ५१२ ऐवजी ५,१२० असतील तर असे दहा भाऊ तयार होतात. दहाही जण खरं तेच सांगतील, की आमच्याकडे पुरावा आहे.

तुमच्या भावाच्या मोबाइलमधले मेसेज खरे आहेत, ताई, ते खोटे ठरवण्याच्या फंदात पडू नका. जे त्याला पाहायला हवं ते बाकीच्या ५११ मोबाइलमध्ये आहे, आणि ते त्याला कधी दिसणार नाही. ज्यांचं पहिल्याच आठवड्यात चुकलं त्यांनी "काहीतरी फालतू मेसेज" म्हणून सोडून दिलं असेल. कोणी कोणाला ओळखत नाही. पानठेल्यावर बसून कोणी सांगत नाही की मला एका माणसानं चुकीचं भाकीत पाठवलं होतं.

ऑस्ट्रेलियाचाच खेळ का निवडला, हेही ध्यानात घ्या. क्रिकेटचं काही सांगितलं असतं तर गावातल्या दहा पोरांनी दहा शंका काढल्या असत्या. ही फायनल मेलबर्नच्या मोठ्या क्रिकेट मैदानावर बहुधा सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी दुपारी अडीचला सुरू होते, म्हणजे आपल्याकडे सकाळचे दहा. त्या वेळी आपला कास्तकार वावरात असतो. त्याला फक्त निकाल कळतो.

शाळेत असताना संभाव्यतेच्या तासाला मी सगळ्या वर्गाला उभं करायचो. छापा वाटतो त्यानं हात डोक्यावर ठेवायचा, काटा वाटतो त्यानं पाठीमागे. नाणं उडवायचं, चुकला तो खाली बसला. एका वर्षी मागच्या बाकावरची एक अबोल मुलगी एकटी उभी राहिली, लागोपाठ सहा वेळा बरोबर. पोरं तिच्याभोवती जमली. एकानं विचारलं, "कसं वळखलं वं?" ती म्हणाली, "मले वाटलं." सातव्या वेळेला सगळ्या वर्गानं तिच्यासारखाच हात डोक्यावर ठेवला, आणि काटा पडला. त्या मुलीनं लबाडी केली नव्हती. एवढ्या पोरांत शेवटपर्यंत कोणीतरी उरणार होतंच. भावाला हा खेळ एकदा गावच्या शाळेत खेळायला लावा. माझं चार पानांचं उत्तर जे करणार नाही ते हा खेळ करेल.

कोणी म्हणेल, तो माणूस खरोखरचा जाणकार असेल तर? बरं, धरून चालू की त्याला तीनपैकी दोन सामन्यांचे निकाल बरोबर सांगता येतात. हे सोपं नाही, पण धरू. तरी नऊच्या नऊ बरोबर यायची शक्यता दोन-तृतीयांशाचा नऊ वेळा गुणाकार, म्हणजे शेकडा अडीचपेक्षा किंचित जास्त. अडतीस हंगामांत साधारण एकदा. जाणकारालाही जे इतक्या क्वचित जमतं, ते लबाडाला दरवर्षी हमखास जमतं, कारण तो सगळीच उत्तरं पाठवतो.

बुलडाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. त्यावर मी पेरणी ठरवणार नाही, हे स्पष्ट सांगतो. पण तिथं जे सांगतात ते सगळ्यांसमोर, सगळ्यांना एकच आणि आधी. वर्षाच्या शेवटी कोणालाही वहीत टिपून ताळा करता येतो. भाकितवाल्याकडून किमान एवढी अपेक्षा ठेवलीच पाहिजे. भावानं त्या माणसाला एवढंच कळवावं : पुढच्या सप्टेंबरात पहिल्या सामन्याच्या आधी सगळ्या स्पर्धेचा तक्ता एकदम लिहून पाठवा, मी तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावतो, बरोबर आला तर पैशाचं बोलू. मला वाटतं त्यानंतर त्या नंबरवरून उत्तर येणार नाही.

भावाला मात्र भोळा म्हणू नका. समोर नऊ बरोबर उत्तरं दिसत असताना विश्वास बसणं साहजिक आहे, शिकलेल्यांचाही बसतो. आणि वर्षभर राबून हाती आलेल्या पैशाचा प्रश्न आहे, म्हणून मी इतकं लांबण लावून लिहितो आहे.

राहिला तुमचा बारावीतला मुलगा. त्याला सांगा, सगळे सामने नाण्यासारखे धरले तरी आठही संघांना आठात एक संधी मिळत नाही. खालच्या चारांतल्या संघाला विजेतेपदासाठी लागोपाठ चार सामने जिंकावे लागतात, म्हणजे १६ मध्ये १. वरच्या चारांतल्या संघानं पहिला सामना जिंकला तर त्याला पुढे दोनच जिंकायचे असतात, ती वाट ८ मध्ये १. पहिला हरला तर पुढचे तीन जिंकावे लागतात, ती वाट १६ मध्ये १. दोन्ही मिळून १६ मध्ये ३. चार संघांचे तीन-तीन आणि चार संघांचा एक-एक, बेरीज सोळा. गुणतक्त्यात वर राहण्याची किंमत तिप्पट ठरते, म्हणूनच तिकडे चौथ्या आणि पाचव्या क्रमांकासाठी इतकी झुंज चालते.

तरीही खालचे जिंकतात. २०१६ साली वेस्टर्न बुलडॉग्ज सातव्या क्रमांकावरून आले. त्यांनी पर्थला जाऊन वेस्ट कोस्टला हरवलं, मग आधीची लागोपाठ तीन विजेतेपदं जिंकलेल्या हॉथॉर्नला, मग ग्रेटर वेस्टर्न सिडनीला अवघ्या सहा गुणांनी, आणि फायनलला सिडनी स्वान्सला २२ गुणांनी. १९५४ नंतरचं त्यांचं ते पहिलं विजेतेपद. २०२४ मध्ये ब्रिस्बेन लायन्स पाचव्या क्रमांकावरून आले आणि त्यांनी फायनल ६० गुणांनी मारली. मुलाला म्हणावं, बुलडॉग्जच्या चारही सामन्यांत त्यांच्या जिंकण्याची शक्यता तीनात एकच धरून त्या विजेतेपदाची शक्यता काढ आणि मला कळव.