समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला सिनेमा बघताना आपल्याला झोप का येते? ते पैसे घेऊन लिहितात का?

तुम्ही विचारलंय की 'साबर बोंडं'ला सगळ्या समीक्षकांनी चार-चार स्टार दिले आणि तुम्हाला थेटरात झोप लागली, उलट 'छावा'ला ह्याच लोकांनी अडीच-तीन देऊन नाकं मुरडली आणि तो तुफान चालला, तर हे लोक पैसे खातात की ह्यांना सामान्य प्रेक्षकाची नाडीच कळत नाही.

पैशांचं आधी, कारण तिथं मला लागलंय.

मी कोल्हापूरला एका दैनिकाच्या पुरवणीत बरीच वर्षं सिनेमाची परीक्षणं लिहिली, बँकेची नोकरी सांभाळून. प्रेस शो वगैरे लाड मुंबई-पुण्याला. आमच्याकडं शुक्रवारी बँकेतनं सुटलं की स्वतः तिकीट काढून सिनेमा बघायचा, रात्री जेवून बसायचं आणि चारशे शब्द पाडायचे, त्यातले शंभर उपसंपादक कापणार हे धरून. मानधन मिळायचं त्यात तिकीट आणि मध्यंतरातला वडा निघायचा, पेट्रोल आपलं. तर पैसे खाल्ले म्हणणाऱ्यानं मला एकदा तो वडा खायला घालावा. एकदा एका सिनेमाला मी दोन स्टार दिले होते, सकाळी पेपर उघडला तर साडेतीन. मजकूर तसाच! म्हणजे वर 'कथा रडतखडत चालते' आणि खाली साडेतीन चांदण्या, आणि शेजारच्या पानावर त्याच सिनेमाची रंगीत जाहिरात. विचारायला गेलो तर चहा पाजला मला. पैसा फिरतो तो असा, वरच्या मजल्यावरनं, लिहिणाऱ्याच्या खिशात फार क्वचित येतो. म्हणून स्टार बघू नका, मजकूर वाचा.

आता नाडी. समीक्षकांना आवडलेलं चालत नाही हे मुळातच खोटं आहे. 'सैराट' आधी फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिनच्या फेस्टिवलला दाखवला गेला, मग २९ एप्रिलला आपल्याकडं लागला, समीक्षकांनीही उचलून धरला आणि लोकांनी थेटरात नाचून पैसे उधळले. 'श्वास'ला २००४ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तोही लोकांनी बघितला, आमच्या आईनं तर शेजारणींना घेऊन. दुसऱ्या बाजूनं 'बाईपण भारी देवा'बद्दल समीक्षकांनी बरं-वाईट दोन्ही लिहिलं आणि बायकांनी घोळक्यानं जाऊन, एकसारख्या साड्या नेसून, दुपारचे शो भरले. तिथं समीक्षक चुकले असं मला वाटत नाही. बायकांना जो दिवस घालवायचा होता तो त्यांनी मस्त घालवला, सिनेमा त्या दिवसाचा एक भाग होता. परीक्षणात ह्या दिवसाला स्टार कसे देणार?

हे सगळं मी आमच्या दाजींना समजावून थकलोय, म्हणून इथं लिहितोय.

दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे मिस्टर, आयुष्यभर जिल्हा न्यायालयात नोकरी, कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि बेंच क्लार्क वगैरे होत होत रिटायर झाले. (आता कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय त्याचं श्रेय ते अर्धं स्वतःकडं घेतात, ते असो.) एप्रिल २०१५ ला 'कोर्ट' लागला. आदल्या वर्षी व्हेनिसच्या फेस्टिवलला दोन बक्षिसं, मग राष्ट्रीय पुरस्कार सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा. मी परीक्षणात चुकवू नका असं लिहिलं आणि वर दाजींना म्हटलं, दाजी तुमच्यावरच काढलाय, चला. त्याच महिन्यात सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा प्राइम टाइमला दाखवायची सक्ती जाहीर केली होती, आधी संध्याकाळ म्हणाले आणि ओरडा झाल्यावर प्राइम टाइम दुपारी १२ पासून सुरू होतो असा शोध लागला. आम्हाला मिळाला तो सकाळचा शो, म्हणजे त्या बाराच्याही अलीकडचा.

बहीण, दाजी, मी आणि बाकी तुरळक लोक. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, नारायण कांबळे नावाच्या म्हाताऱ्या शाहिरावर केस आहे की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं गटारात उतरून आत्महत्या केली. बस, एवढीच केस आणि तारखा. पहिला अर्धा तास दाजी गप्प. मग साक्षीदार काहीतरी बोलतो आणि जजसाहेब ते आपल्या भाषेत फिरवून टायपिस्टला सांगतात तिथं दाजी एकदम मोठ्यानं हसले, मागचा माणूस शुक् करून ओरडला. सरकारी वकील बाई कायद्याचा उतारा इंग्रजीत धडाधड वाचतात, अर्धं थेटर मोबाईल काढतं, दाजी मात्र मान डोलावतायत. बिनबाह्यांचा ड्रेस घालून आलेल्या बाईचं प्रकरण जज पुढं ढकलतात तिथं माझ्या मांडीवर चापट. मला वाटलं जिंकलो!

शेवटाकडं कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे बंद होतात आणि पडदा काळा. बराच वेळ काळा. लोक उठले, एक जण शिव्या देत दारापर्यंत गेला. दाजी बसून, बहिणीला म्हणाले, "बस की, सुट्टी लागलीय नुसती, जज कुठं जातोय बघू." आणि खरंच पुढं जज सहलीला गेलेले दाखवलेत, बागेत बाकावर झोपलेत, पोरं ओरडून उठवतात तर एकाला कानफटीत. माझ्या वाचनात आलेल्या एकाही परीक्षणात, माझं धरून, त्या काळ्या पडद्याबद्दल इतकं नेमकं कुणी लिहिलं नव्हतं.

आणि पार्किंगमध्ये येऊन हेच दाजी काय म्हणाले माहितेय? "हे बघायला मी पैसे दिले? हे मला सरकार पगार देऊन दाखवत होतं."

मी म्हटलं, अहो पण हसलात की तुम्ही, दाद दिलीत. तर म्हणे "खरं आहे म्हणून हसलो. खरं असलं म्हणजे सिनेमा झाला होय? वकील एकदा तरी तोंड वर करून बोलला का? निकाल तरी लागला का?" मी म्हटलं तुमच्या कोर्टात लागतो? झालं, बहिणीनं गाडीत दोघांच्या मध्ये पिशवी ठेवली.

त्या सप्टेंबरात 'कोर्ट' भारतातर्फे ऑस्करला निवडला गेला, दाजींचा फोन, "तुझी केस वर गेली म्हणे." पुढं शॉर्टलिस्टमध्ये नाव नाही म्हटल्यावर पुन्हा फोन, "फेटाळली." तेव्हापासून घरात कुणाचंही लग्न असो बारसं असो, कुठल्याही सिनेमाचा विषय निघाला की "ह्याला विचारून जाऊ नका, हा सुट्टीत कोर्टात बसवतो." माझ्या पोराच्या साखरपुड्यात, व्याह्यांसमोर!

आता 'छावा'कडं येतो. फेब्रुवारी २०२५ ला लागला तेव्हा दाजी सगळं घर घेऊन गेले, रडले, घोषणा दिल्या, सगळं केलं. मला राग नाही, मीही गेलो होतो, शेवटाला माझाही घसा दाटला. पण घरी येऊन चहा पिता पिता दाजीच सांगायला लागले, पहिल्या अर्ध्या भागात लढाईमागून लढाई आहे, माणूस कळत नाही, संगीत कानात ठोकतं, येसूबाईला फार काम दिलं नाही, औरंगजेब मात्र अक्षय खन्नानं न बोलता खाल्लाय. मी फोन काढला आणि एक अडीच स्टारवालं परीक्षण मोठ्यानं वाचून दाखवलं. जवळजवळ तेच मुद्दे, शेवटच्या छळाच्या प्रसंगाच्या लांबीसकट. दाजी म्हणाले, "मग ते बघू नका का म्हणतात?" कुठं म्हटलंय? दाखवा ना मला ते वाक्य. कुणीच म्हटलेलं नव्हतं. सिनेमानं देशात पाचशे कोटींच्या वर धंदा केला आणि त्या परीक्षणातलं एक वाक्यही त्यामुळं खोटं ठरलं नाही, कारण लोक पटकथेचे मार्क बघायला गेलेच नव्हते, ते संभाजी महाराजांसाठी गेले होते. मी पण.

माझं दाजींशी भांडण आहे ते एवढंच, आणि तुमचा प्रश्नही तिथंच अडकलाय. परीक्षण म्हणजे निकालपत्र नव्हे. दाजींना आयुष्यभर निकालपत्रांच्या नकला काढायची सवय, त्यांना वाटतं स्टार म्हणजे शिक्षा किंवा सुटका. समीक्षक फक्त सांगतो की पडद्यावर काय ठेवलंय आणि ते कितपत नीट ठेवलंय. तुम्हाला त्या दुपारी काय हवं होतं ते त्याला कसं कळणार?

'साबर बोंडं'चं घ्या. मुंबईत कॉल सेंटरला असलेला मुलगा वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, नातेवाईक लग्नाचं टुमणं लावतात, लहानपणच्या मित्राशी पुन्हा जवळीक होते. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा एका जागी बसतो आणि माणसं फ्रेममध्ये येतात जातात. अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिवलला २०२५ मध्ये जागतिक विभागातलं मोठं बक्षीस मिळालं, मराठी सिनेमाला तिथं पहिल्यांदाच. हे परीक्षणांत लिहिलेलं होतं हो! "संथ", "शांत", "हळुवार" हे शब्द दिसले की समजायचं की दिवसभर राबून रात्रीच्या शोला जाण्यातला हा सिनेमा नाही. तुम्ही बहुतेक बक्षीस आणि स्टार एवढंच वाचून गेलात. मी रविवारी सकाळी बघितला, आई आणि मुलगा नीट काही न बोलता एकमेकांना सांभाळून घेतात ते बघताना हललो नाही जागचा. सुतकात घरात लोक कसे बसतात, कोण कुणाला काय खायला घालतं, ह्याच्याइतकं बरोबर मी मराठी पडद्यावर कमी बघितलंय. तुम्हाला झोप आली तर आली, त्यात लाजायचं काही नाही, पण म्हणून दुसऱ्यानं पैसे खाल्ले असं होतं का?

चालण्या-न चालण्याचं तर समीक्षकांवर ढकलूच नका. 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला २०२४ ला फ्रान्सच्या कान फेस्टिवलमध्ये ग्रां प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस, मिळालं, त्यात छाया कदम आहे, कथा रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर येते, म्हणजे आपल्या लोकांनी रांगा लावायला हव्यात. शो किती होते? माझ्या भाचीला पुण्यात, म्हणजे पुण्यात, आपल्या भागात सोयीची वेळ मिळेना. ती दाजींचीच मुलगी, तिला मात्र 'कोर्ट' आवडतो, हे दाजींसमोर बोलायचं नाही असं घरात ठरलंय.

काय करावं म्हणाल तर एक समीक्षक धरा, एकच, आणि त्याचं बघून आल्यावर वाचा, आधी नाही. तुमच्याशी सतत उलटं मत असणारा मिळाला तर सोन्याहून पिवळं, त्यानं नावं ठेवली की तिकीट काढायचं. आमचे दाजी नेमके असे आहेत, त्यांना कंटाळा आला की मी हमखास जातो. ('स्थळ' मी असाच बघितला. ते म्हणाले "पोरगी बघायला येतात, पोहे खातात, जातात, परत येतात." चंद्रपूरकडची कथा, पोरगी शिकतेय आणि बाप कापसाच्या भावावर लग्नाचा हिशेब मांडतोय. झकास सिनेमा.)

आता थोडं समीक्षकांच्या विरोधात पण लिहितो नाहीतर तुम्ही म्हणाल स्वतःच्या जातीचं राखतोय. काही जण खरंच आळशी असतात, फेस्टिवलचा शिक्का दिसला की हात थरथरतो आणि अर्धा स्टार जास्त पडतो. मराठी सिनेमा जगवायचा म्हणून दीड स्टार वाढवून देणारे तर ढिगानं आहेत, मला ते जाहिरातवाल्यांपेक्षा जास्त नुकसान करणारे वाटतात, कारण लोक एकदा फसले की पुढच्या चांगल्या सिनेमाला येत नाहीत. आणि थेटरच्या बाहेर माईक धरून "कसा वाटला" विचारणारे किंवा सिनेमा लागायच्या आधीच "अंगावर काटा आला" म्हणून रील टाकणारे, त्यांच्यातले काही पैसे घेतात आणि ते कुणी फार लपवतही नाही. पण त्यांना समीक्षक म्हणायचं असेल तर मग तुमचा आरोप बरोबर आहे, मी मागे घेतो.

वड्याचं मात्र मागे घेत नाही.