सरासरी भरते, विहीर भरत नाही

हवामानबदलावर आलेल्या पत्रांपैकी सहा आज घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे, पण सगळ्यात जास्त पत्रं त्याच विषयावर आली होती.

प्रश्न : तालुक्याची सरासरी भरली असं कागदावर असतं. तरी आमचं सोयाबीन ऑगस्टात करपतं आणि काढणीच्या तोंडावर पाण्यात उभं राहतं. मग पाऊस कमी झालाय की जास्त? (शेतकरी, बीड जिल्हा)

उत्तर : दोन्ही झालंय, म्हणून तर कागद तुमच्या बाजूने बोलत नाही. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. तापलेली हवा जमिनीतली ओल अधिक ओढून घेते, म्हणून उघडिपीचे दिवस पिकाला जास्त जाचतात. आणि पाऊस लागला की साठलेलं बाष्प एकदम रितं होतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० मध्ये देशाच्या हवामानबदलाचा आढावा निघाला. त्यानुसार १९५१ ते १९८० या काळाच्या तुलनेत १९८१ ते २०११ मध्ये पावसाळ्यातले कोरडे खंड २७ टक्क्यांनी वाढले. मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरच्या वर पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. एकाच आढाव्यात ही दोन्ही वाक्यं आहेत.

शंभर मिलिमीटर पाऊस पंधरा दिवसांच्या झडीत आला तर मुरतो, विहिरीला पाझर लागतो. तोच चार तासांत आला तर बांध फोडून, वरची माती घेऊन ओढ्याला जातो. सरासरीच्या खात्यात मात्र दोन्ही शंभरच. माझं स्पष्ट मत आहे की नुकसानभरपाई ठरवताना एकूण पावसाइतकंच वजन खंडाच्या दिवसांना मिळायला हवं. शेतापुरतं सांगायचं तर सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर घ्या. अतिवृष्टीत सरीतून जादा पाणी निघून जातं आणि खंडात वरंब्यातली ओल टिकते. पंधरा-वीस दिवसांच्या खंडात हा फरक डोळ्यांना दिसतो.

प्रश्न : पृथ्वी पूर्वीही तापली आणि गारठली. मग या वेळी दोष माणसाचाच, हे कशावरून? (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : शंका रास्त आहे, कारण हवामान पूर्वी बदललं ते खरंच. पण प्रत्येक कारण आपली खूण मागे ठेवतं. सूर्य जास्त तापला असता तर वातावरणाचे सगळे थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा, स्थितांबराचा थर थंड होतोय. खाली उष्णता अडवली जात असेल तरच असं होतं. शिवाय १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजत आहेत आणि तीत वाढ दिसलेली नाही.

दुसरी खूण कार्बनचीच. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेलं असल्याने त्यातला किरणोत्सारी कार्बन संपलेला असतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये असा ‘म्हातारा’ कार्बन वाढत चाललाय, म्हणजे तो आला कुठून हे उघड आहे. बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून गेल्या आठ लाख वर्षांचा हिशेब लागतो. त्या सगळ्या काळात हा वायू दहा लाख भागांत ३०० भागांच्या वर गेला नव्हता. कारखानदारीच्या आधी तो २८० होता, आता ४२० च्या पुढे आहे. पूर्वीचे बदल व्हायला हजारो वर्षं लागली. हा बदल तुमच्या आजोबांपासून तुमच्या नातवंडांपर्यंतच्या काळातला आहे.

प्रश्न : ओझोनच्या छिद्रातून ऊन आत येतं म्हणून उष्मा वाढतो ना? (गृहिणी, ठाणे)

उत्तर : नाही. ओझोनच्या विरळ थरातून अतिनील किरण जास्त येतात, तो प्रश्न वेगळा. ओझोन खाणारी रसायनं बंद करायच्या १९८७ च्या माँट्रियल करारामुळे तो थर आता हळूहळू सावरतोय. तुम्ही पत्रात लिहिलंय की रात्रीही घाम थांबत नाही, त्यामागे दोन गोष्टी आहेत. दिवसा जमिनीने घेतलेली उष्णता रात्री वर निसटायची, ती बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड अडवतात. आणि काँक्रीट-डांबर ती पहाटेपर्यंत सोडत राहतं. घरात म्हातारी माणसं असतील तर दुपारइतकीच रात्रीचीही काळजी घ्या, कारण शरीर सावरतं ते रात्रीच.

प्रश्न : हापूसचं तंत्रच बिघडलंय. मोहोर उशिरा येतो, आलेली कणी (बारीक फळं) गळते. हे सगळं हवामानबदलामुळेच का? (बागायतदार, रत्नागिरी तालुका)

उत्तर : सगळं त्याच्या माथी मारणार नाही. एखादा हंगाम पूर्वीही हातचा जायचा. पण तुमच्या झाडाचं वेळापत्रक समजून घेतलं तर दुखणं कळतं. पाऊस सरल्यावर जमिनीला ताण बसावा, रात्री गार व्हाव्यात, मग पालवीऐवजी मोहोर फुटावा, असा तो क्रम. पाऊस नोव्हेंबरात रेंगाळला की ताण बसत नाही आणि झाड पालवीवर जातं. डिसेंबरातलं मळभ तुडतुडे ही कीड आणि भुरी हा बुरशीचा रोग घेऊन येतं. कणी धरल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा कडाक्याची थंडी पडली की पुनर्मोहोर येतो, झाड सगळं अन्न त्याला देतं आणि आधीची फळं गळतात. त्यातून जे तगतं ते मार्चच्या तापलेल्या वाऱ्यात भाजतं, तळाच्या उष्णतेने गरात साका (पांढरट, स्पंजासारखा भाग) धरतो. यातली प्रत्येक गोष्ट जुनीच आहे. त्या एकाच हंगामात, एकामागून एक येऊ लागल्या तर फवारणीचा खर्च आंब्याच्या पेटीतून निघणार कसा? पुनर्मोहोर रोखण्याच्या फवारणीबद्दल दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी आहेत. त्या दुकानदाराऐवजी थेट तिथून घ्या.

प्रश्न : वादळं बंगालच्या उपसागरात होतात असं शाळेत शिकलो. ‘निसर्ग’मध्ये आमची सुपारीची वाडी आडवी झाली. हे आता दर वर्षी होणार का? (श्रीवर्धन)

उत्तर : दर वर्षी तुमच्याच किनाऱ्यावर येईल असं नाही, पण शाळेतलं वाक्य आता बदलायला हवं. १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. एकट्या २०१९ मध्ये तिथे पाच झाली. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ आलं, पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. उष्णकटिबंधातला हिंदी महासागर १९५१ ते २०१५ मध्ये सुमारे एक अंशाने तापला. वादळाला लागणारं इंधन म्हणजे हेच कोमट पाणी. उभी सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात, ही गोष्ट आकड्यांत येत नाही. तुमचं पत्र वाचताना मला तीच जास्त लागली.

धोका एकट्या वादळाचा नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला आणि महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं. त्यात समुद्राच्या बाष्पाइतकाच डोंगराच्या उताराचाही हात होता. उतारावर वस्ती असेल तर जमिनीला पडलेल्या भेगा आणि अचानक गढूळ झालेला झरा हे इशारे समजा. पाऊस थांबायची वाट न पाहता बाहेर पडा.

प्रश्न : धूर अमेरिकेने केला, मग काटकसर आपण का करायची? आणि मी स्वतः काय मोजू शकते? (नववीतली विद्यार्थिनी, चंद्रपूर)

उत्तर : पहिला राग खरा आहे. आजवरच्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास पाव वाटा अमेरिकेचा आहे. आजही तिथला माणूस वर्षाला साधारण १४ टन सोडतो, आपण सुमारे दोन. जास्त भार त्यांनीच उचलायला हवा. पण आपली बहुतेक वीज कोळशाची आहे आणि तुझ्या गावाच्या शेजारी २,९२० मेगावॉटचं केंद्र आहे. त्याची राख कोणाच्या अंगणात पडते हे तुला सांगायला नको. कोळसा कमी झाला तर पहिला फायदा चंद्रपूरच्या फुफ्फुसांना होईल.

दुसऱ्या प्रश्नाने मला फार आनंद झाला. सरळ कडांची, सपाट तळाची बरणी घे आणि झाडापासून, भिंतीपासून दूर मोकळ्यावर ठेव. रोज सकाळी साडेआठला आतल्या पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोज, लिही आणि बरणी रिकामी कर. हवामान खातंही याच वेळी दिवसाचा हिशेब बंद करतं. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहायला विसरू नकोस. बीडच्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर त्या शून्यांमध्येच असतं.