आजोबांच्या वहीतला खाल्लेला आकडा

प्रश्न : माझे आजोबा 1944 च्या सुरुवातीला कॉक्स बाजारला भारतीय हवाई दलाच्या 6 नंबर स्क्वाड्रनमध्ये फिटर होते. त्यांच्या वहीत तारखेसह हरिकेन विमानांचे नंबर आहेत. एका नंबराची दोन अक्षरं आणि दोन आकडे शाबूत आहेत, शेवटचा आकडा वाळवीने खाल्लाय. तो कसा शोधावा?
– एक वाचक, देवगड

उत्तर : पस्तीस वर्षं तलाठी होतो, खाल्लेले कागद मला नवे नाहीत. आधी एक करा, अंदाजाने पेन चालवू नका.

दहाही आकडे उमेदवार असतील असं नाही. शत्रूला विमानं मोजता येऊ नयेत म्हणून ब्रिटनचं हवाई मंत्रालय नंबरांचे मधले गट मुद्दाम मोकळे सोडत असे. सातबारा सापडला नाही की आपण पान हरवलं म्हणतो. इथे जमीनच नसते!

जे उरतील त्यांचे फेरफार बघायचे. दर विमानाचं एक कार्ड असे, फॉर्म 78. कारखाना, डेपो, तुकडी, शेवटी रद्द. पण विमान बोटीने हिंदुस्थानात आलं की पुढच्या नोंदी बऱ्याचदा एक-दोन ओळींत आटपतात. मग स्क्वाड्रनची रोजनिशी, म्हणजे फॉर्म 541. लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अशा रोजनिश्या एआयआर 27 या मालिकेत आहेत. तिथे कधी पूर्ण नंबर, कधी नुसतं विमानावरचं मोठं अक्षर. त्या अक्षरावर विसंबू नका. होडी मोडली तरी नाव नव्या होडीला देतात ना, तसंच ते.

तुमच्या बाजूची गोष्ट अशी की 6 नंबरची हरिकेन्स टेहळणीला जोडीने जात. एक खाली बघणार, दुसरं पाठ राखणार. वहीत त्याच तारखेचा धड नंबर असेल तर रोजनिशीत तो शोधा, जोडीदार त्याच्या शेजारीच मिळण्याचा संभव आहे.

ट्रंकेत विमानाची पत्र्याची पट्टी असली तर तिच्यावरचा नंबर कारखान्याचा असू शकतो. तो वेगळा.

आणि हो, पान उलटून खिडकीशी तिरपं धरा. पेन्सिलीचा दाब पुढच्या पानावरही उमटतो. एका वादातला हिस्सा नंबर मी असाच वाचला होता. वही मात्र माळ्यावरून आजच खाली काढा, मृग तोंडावर आलाय.